हजार वॉटचे सोवळे

"नऊ… दहा. झालं बघ मिनिट. दहा फेरे."

आमचे यजमान स्टुलावर उभे होते, नाक विजेच्या मीटरच्या काचेला जवळजवळ टेकलेले. मी खाली गजराचे घड्याळ हातात धरून उभी होते. घरातील दिवे, पंखा, रेडिओ, सारे मी जातीने बंद केले होते. चालू होती ती एकच वस्तू : मागच्या खोलीतील वेणूआत्यांची विजेची शेगडी.

"पुन्हा मोजा," मी म्हटले.

"तिसऱ्यांदा?"

"पहिल्यांदा तुम्ही मध्येच शिंकलात. दुसऱ्यांदा चष्मा पुसलात."

"अगं, मी शिंकलो म्हणून चकती थांबत नाही."

"तुमचं मोजणं थांबतं."

त्यांनी पुन्हा मोजले. दहाच आले. मीटरवर छापलेले होते की चकतीच्या सहाशे फेऱ्यांना एक युनिट. म्हणजे ती शेगडी तासाला एक पुरे युनिट गिळत होती. मी घड्याळ खाली ठेवले आणि म्हटले, "उतरा. पुरावा मिळाला."

ही गोष्ट ऐंशी सालच्या फेब्रुवारीतील, मिरजेच्या ब्राह्मणपुरीतील आमच्या चार खोल्यांच्या घरातील. माझ्या सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला नवा होता आणि त्याचा आवाज मला आवडत असे. त्या वर्षात मी दुधाचा रतीब बदलला, धोब्याला वठणीवर आणले, दोन्ही मुलांना पहाटे उठायला लावले. एकच प्रांत अजून माझ्या हुकमाबाहेर होता. तो म्हणजे मागची खोली.

वेणूआत्या या यजमानांच्या सख्ख्या आत्या. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्या, त्याला पन्नास वर्षे झाली होती. त्यांचे सोवळे असे कडक की गल्लीतील बायका शंका विचारायला त्यांच्याकडे येत. लोणच्याच्या बरणीला कोणाचा पदर लागला, तर बरणी ठेवायची की टाकायची, याचा निकाल आत्याबाई देत. त्या एकवेळ जेवत आणि ते जेवण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खोलीत, सोवळ्यात रांधत. त्या वेळी त्यांना कोणी शिवायचे नाही, उंबराही ओलांडायचा नाही. आमच्या मांजराने त्या खोलीकडे बघणेसुद्धा सोडले होते.

आधी त्या कोळशाच्या शेगडीवर रांधीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर धूर सोसेना, म्हणून यजमानांनी कोल्हापुरातून हजार वॉटची विजेची शेगडी आणून दिली. मला न विचारता. आणि विजेचे बिल बावीस रुपयांवरून सदतीस रुपयांवर गेले.

मी आधी सामोपचाराने घेतले होते. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटले होते, "आत्याबाई, घरात गॅस आलाय. एक बाजू तुमच्यासाठी वेगळी ठेवते. धुऊन, पुसून. दुसरं कुणी शिवणार नाही."

"गॅसची टाकी कोण आणतं?"

"एजन्सीचा माणूस."

"कशी आणतो?"

तो टाकी गल्लीतून पायाने लोळवत आणतो, हे दोघींनाही ठाऊक होते.

"पायानं ढकललेल्या अग्नीवर मी नैवेद्य शिजवू?"

"आणि वीज सोवळी?"

"विजेला कुणाचा हात लागत नाही. लागला तर तो माणूस उरत नाही. इतकी सोवळी वस्तू मी दुसरी पाहिली नाही, कुमुद."

"हीच तार पुढे वळणावरच्या मटणाच्या दुकानात जाते."

"पुढे जाते ना? आधी आपल्याकडे येते."

मी वादात हरणारी बाई नव्हे. मला सणसणीत उत्तर सुचले होते; फक्त ते तासाभराने सुचले आणि तोवर त्या जपाला बसल्या होत्या. मग मी वाद सोडून हुकूम दिला : एक तारखेला शेगडी माळ्यावर जाईल.

"मग एक तारखेलाच मी नरसोबाच्या वाडीला जाईन," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "तिथं धर्मशाळेत एकट्या बायकांना खोली देतात. दिगूला सांग, माळ्यावरून माझी ट्रंक काढ."

दिगू म्हणजे आमचे यजमान, दिगंबरराव. नगरपालिकेत ओव्हरसियर होते. रस्ते आणि गटारे मापण्यात आयुष्य गेले, पण घरात त्यांची मोजपट्टी कधी ताठ उभी राहिली नाही. त्यांनी ट्रंक काढून दिली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आत्यानं मला वाढवलंय, कुमुद. आई दोन वर्षं अंथरुणावर होती तेव्हा माझी शेंडीसुद्धा आत्याच विंचरायची. ती धर्मशाळेत जाऊन राहिली तर गावात मी तोंड कसं दाखवू?"

"त्या जाणार नाहीत. ती धमकी आहे."

"तू तिला ओळखत नाहीस."

"आणि तुम्ही मला ओळखता. एका घरात दोन चुली म्हणजे दोन सरकारं. मी काही रागानं करत नाही. मोजमाप करूनच निकाल देईन."

"आणि मोजमापात शेगडी निर्दोष निघाली तर?"

"तर तसं सांगेन."

"काय सांगशील?"

"चुकलं, म्हणून सांगेन."

यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हा शब्द येतो तुला?"

म्हणून तो, कचेरीला उशीर करून मांडलेला, स्टुलाचा प्रयोग. आता पुरावा हाती आला होता आणि मी विजयी मुद्रेने चहा टाकायला वळणार, तोच यजमानांनी कॅलेंडरचे जुने पान उलटे करून पेन्सिलीने काहीतरी मांडले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आत्याचा स्वयंपाक रोज पाऊण तास. म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. चाळीस पैशांनी झाले नऊ रुपये."

"बिल पंधरानं वाढलंय."

"तेच म्हणतो. वरचे सहा रुपये कुणी खाल्ले? तुझी इस्त्री?"

"माझी इस्त्री रविवारी, तुमच्यासमोर चालते. तिचा जाब तुमच्या शर्टांना विचारा."

"मग शेगडीला सगळं कसं चिकटवतेस? सहा रुपये म्हणजे रोज अर्धा तास होतो. आत्या तर एकवेळ जेवते."

मी ते पान त्यांच्या हातातून घेतले. माणूस माझाच नवरा होता, पण गणित बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मुले शाळेत आणि यजमान कचेरीत गेल्यावर मी सूप आणि तांदूळ घेऊन मीटरखाली ठाण मांडले. घरातील प्रत्येक बटण बंद केले. अकराला चकती फिरू लागली, पावणेबाराला थांबली. आत्याबाईंचे जेवण झाले. त्यानंतर तीन तासांहून जास्त वेळ ती चकती अशी निपचित पडून होती की मला तिचा राग येऊ लागला. तांदूळ तीनदा निवडून झाले. तीन वाजून दहा मिनिटांनी ती हलली, आणि बघता बघता सकाळच्याच वेगाने पळू लागली.

मी मागच्या खोलीकडे गेले. दार लोटलेले होते. आतून धुपाचा असा लोट येत होता की डोळे चुरचुरले. अलीकडे आत्याबाईंचा धूप फार वाढला होता. उतारवयात भक्ती वाढते, असे यजमान कौतुकाने म्हणत.

"आत्याबाई, शेगडी चालू आहे का?"

"शिवू नकोस! सोवळ्यात आहे. जप चाललाय."

"मी बाहेरच आहे. शेगडी कशाला लावलीत?"

"काढा."

"कसला?"

"कफाचा."

"तुम्हाला कफ कधी झाला?"

"काढा घेते म्हणून होत नाही."

मी दाराशी उभी राहिले. आत माळेचे मणी सरकत होते, नंतर तेही थांबले. घाईघाईने काहीतरी झाकल्याचा आवाज आला. त्या दाराला आतून कडी होती, पण पन्नास वर्षांत ती लावायची वेळ आली नव्हती. 'शिवू नकोस' एवढे दोन शब्द कडीकुलुपाचे काम करीत होते. मी ते दार ढकलले असते तर आत्याबाईंचे सोवळे मोडले असते, त्यांचे त्या दिवशीचे सारे वाया गेले असते, आणि मी कितीही कर्तबगार असले तरी ते पाप मला करायचे नव्हते. मी परत फिरले. ट्रंक ओसरीवर उघडी होती. तिच्यात दोन पातळे, पळी-पंचपात्र आणि घोंगडीचे आसन नीट रचून ठेवलेले होते. धमकी नव्हती ती.

एक तारखेला दोन दिवस उरले होते.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला मी न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून थंड पाण्याच्या चार बादल्या ओतून घेतल्या. फेब्रुवारीचे दिवस, दात वाजत होते. मग ओलेत्याने वरच्या दांडीवरचे सोवळ्याचे पातळ काठीने काढले, कशाला न शिवता नेसले आणि केस तसेच निथळत ठेवून मीटरपाशी उभी राहिले. तीन वाजून बारा मिनिटांनी चकती फिरू लागली. मी दहा मिनिटे वाट पाहिली. गुन्हा पुरता शिजू द्यावा, असे माझे मत होते.

मग मी दार ढकलले.

"थांब! शिवशील!"

"शिवू दे. मीही सोवळ्यात आहे. डोक्यावरून न्हायलेय. पातळ काठीनं काढलंय."

सोवळ्यातल्याने सोवळ्यातल्याला शिवले तर विटाळ होत नाही. गल्लीला हा नियम आत्याबाईंनीच शिकवला होता.

धुपाच्या ढगापलीकडे शेगडीची जाळी लालभडक झाली होती. तिच्यावर पितळेचे लहान पातेले. आत पाणी खळखळत होते आणि त्या पाण्यात, एकमेकांवर टकटक आपटत, दोन अंडी नाचत होती.

आत्याबाई धाबळी नेसून, पाठ ताठ ठेवून, माळ हातात घेऊन पाटावर बसल्या होत्या.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी दार लावले. कडीसुद्धा लावली.

"ही काय आहेत?"

"मोतीबिंदू मला झाला होता, कुमुद. तुला दिसायला हरकत नाही."

मी खाली बसले. मग म्हटले, "डॉक्टरांनी सांगितलं का? अशक्तपणासाठी? तसं असेल तर…"

"डॉक्टर कशाला सांगायला हवा? मला आवडतात."

"पण तुम्हाला… तुम्ही कधी…"

"इस्पितळात. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हातावर काहीतरी ठेवलं, म्हणाली, घ्या आजी. मला वाटलं खरवस. तोंडात टाकला तर वर मीठ आणि मिरं. म्हटलं, खरवसाला मीठ? चमत्कारिकच बाई दिसते." त्यांनी माळेचा एक मणी पुढे सरकवला. "पहिला घास चुकून खाल्ला. दुसरा मात्र जाणून खाल्ला."

"आणि आणतं कोण?"

"फुलवाली हौसाबाई. परडीत झेंडूखाली. आठवड्यातून तीनदा. तुला वाटत होतं ना, हल्ली देवाला फुलं फार लागतात?"

"दर खेपेला झेंडू एवढे का म्हणून मी तिच्याशी भांडले होते!"

"फार घाबरली होती ती. मी सांगितलं, ती कुमुद आहे, ती भाव करते, तपास करत नाही." आत्याबाईंनी माझ्या निथळत्या केसांकडे पाहिले. "माझा अंदाज चुकला."

पातेल्यात अंडी वाजतच होती.

"जप तरी खरा आहे का?"

"म्हणजे काय! उकळी आल्यावर एक माळ झाली की पिवळं मऊ राहतं. दोन झाल्या की घट्ट. काल तू दारात येऊन उभी राहिलीस. अर्ध्या माळेत उतरवावी लागली. नुसतं पाणी होतं आत. तसंच प्यायले."

मला हसू येऊ लागले. ते मी दाबले. माझ्या पदाला ते शोभले नसते.

"कोळशाची शेगडी होती तेव्हा पेटवायला कुणाला तरी हाक मारावी लागायची," त्या माळ खाली ठेवून म्हणाल्या. "धूर झाला की माजघरापर्यंत कळायचं, वेणूची शेगडी पेटली. मग कुणीतरी दारातून विचारायचं, आज काय? पन्नास वर्षं रोज कुणीतरी विचारलंय, आज काय. आणि रोज सांगितलंय मी, वरणभात. ही शेगडी आली, हिला बटण. बटण दाबलेलं कुणाला कळत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मीटरला कळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मी कपाळावर ओघळलेले पाणी पदराने पुसले.

"सांग दिगूला. ट्रंक भरलेली आहे. मी त्याच्यासमोर नाही म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही."

"कफाचा काढा?"

"तो तुझ्यासाठी होता."

आता मला फक्त ओसरीवर जाऊन संध्याकाळची वाट पाहायची होती. सहा रुपयांचा चोर मी मुद्देमालासकट पकडला होता. यजमानांचे तोंड बंद झाले असते, शेगडी माळ्यावर गेली असती, मागच्या खोलीवर माझी सत्ता चालली असती. आणि ज्या बाईला विचारून गल्ली लोणची टाकत होती, ती वाडीच्या धर्मशाळेत मान खाली घालून बसली असती. आत्याबाईंनी माझी विनवणी केली असती तर कदाचित मी तेच केले असते. विनवणी करणाऱ्या माणसांची मला चीड येते. पण त्या पाटावर अशा बसल्या होत्या की जणू पकडली गेलेली मीच आहे.

मी पातेल्याकडे पाहिले.

"माळ किती झाली होती?"

"मोडली. तू आलीस तेव्हा चाळिसाव्या मण्यावर होते."

"म्हणजे आता घट्ट झाली असतील." मी हात लांब करून बटण बंद केले आणि पातेल्यावर ताटली झाकली. "आणि हे असं अर्धा अर्धा तास शेगडी जाळत बसायचं नाही. उकळी आली की बटण बंद. वर झाकण. जाळी तापलेली असते, तेवढ्या धगीत शिजतं."

"तुला काय ठाऊक?"

"भाताचं मी तेच करते."

"अंडं म्हणजे भात नव्हे."

"शिजणं सगळ्यांचं सारखंच. उद्यापासून माळ बटण बंद केल्यावर सुरू करायची. एकीच्या जागी दोन माळा करा हवं तर. जपाला वीज लागत नाही."

आत्याबाईंनी माळ पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "तुझी सासू असती तर तिनं आरडाओरडा केला असता."

"त्यांना मीटर वाचता येत नव्हता."

संध्याकाळी यजमान आले ते ओसरीवरच्या ट्रंकेला वळसा घालून, मान खाली घालून. चहाची कपबशी हातात दिली तेव्हा त्यांनी विचारले, "उद्या किती वाजताची गाडी बघू?"

"कुणासाठी?"

"आत्यासाठी."

"आत्याबाई कुठंही जात नाहीत. ट्रंक माळ्यावर टाका. शेगडी आहे तिथंच राहील."

त्यांची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. "आणि ते सहा रुपये?"

"माझा हिशेब चुकला."

"काय?"

"ऐकलंत तुम्ही."

"नाही, नीट नाही ऐकलं. कुमुद, काय झाला तुझा हिशेब?"

"चुकला."

त्यांनी बशी खाली ठेवली, उठले, मुलांना हाका मारून बोलावले आणि म्हणाले, "बाळांनो, आईला एकदा विचारा, तिचा हिशेब काय झाला." मागच्या खोलीतून आत्याबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. कफ नव्हता तो. मी मुलांकडे असे पाहिले की ती आल्या पावली परतली, पण यजमानांना आवरणे मला जमले नाही. पुढची वीस वर्षे लग्नकार्यात, मुंजीत, व्याह्यांसमोर, ते ही गोष्ट सांगत राहिले. आमची ही आयुष्यात एकदाच चुकली, आणि तेही माझ्या गणितामुळे उघडकीला आलं. मी दर वेळी पानात वाढत राहिले आणि एक शब्द बोलले नाही. ते गेले तेव्हाही त्यांना तेच खरे वाटत होते.

पुढच्या महिन्यात बिल पाच रुपयांनी उतरले. यजमानांनी मीटरखालचे दोन स्क्रू पिळले होते, त्याचा हा परिणाम असे ते सांगत.

आत्याबाई त्यानंतर नऊ वर्षे जगल्या आणि शेवटपर्यंत सोवळ्यात जगल्या. त्यांच्या तेराव्याला गल्लीतील झाडून साऱ्या बायका आल्या होत्या. अशी कडक बाई पुन्हा होणे नाही, असे त्या म्हणत होत्या. एकीने सर्वांना सांगितले की या घरात तर भर दुपारी सूनसुद्धा डोक्यावरून न्हाऊन, सोवळे नेसून आत्याबाईंबरोबर दार लावून जपाला बसत असे, तेही हौसाबाईची परडी आली की न चुकता. साऱ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिले. मी तो आदर स्वीकारला.

आता विचारणारे कोणी उरलेले नाही म्हणून लिहून ठेवते. दोन अंडी उकडायला जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढ्याच विजेत चार उकडतात. अर्ध्या रिकाम्या पातेल्याखाली शेगडी जाळणे मला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हते.